गावची स्मृतिशिला

आजच्या भाषणाचा विषय कोणास प्रथमदर्शनी उदास वाटेल. युद्धात कामी आलेल्या माणसांची आठवण त्यांचे गाव कोणत्या रीतीने ठेवते, हा तो विषय होय. राजधान्यांतील मोठमोठ्या कमानी आणि स्तंभ आपण सहलीस गेलो म्हणजे पाहतो, त्यांच्यासमोर छायाचित्रे काढतो आणि परत येतो. मला आज बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी नव्हे. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसविलेला, हातभर लांबीचा, चुन्याच्या हातांखाली कधी कधी अर्धा झाकून गेलेला जो पांढरा दगड असतो, त्याच्याविषयी मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो. सिडकोने वसविलेली ही वसाहत. आमच्या एका इमारतीत पाहिले तरी रायगड, रत्नागिरी, सातारा, सांगली अशा चार जिल्ह्यांची बिऱ्हाडे निघतात. गणपतीचे दिवस आले म्हणजे निम्म्या दारांना कुलपे लागतात आणि जो तो आपापल्या गावची वाट धरतो. अशाच एका गणेशोत्सवानंतर आमचे एक वृद्ध शेजारी महाड तालुक्यातील आपल्या गावाहून परत आले आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या हातात जुन्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

"मास्तर, तुमचे भिंग जरा काढा पाहू," ते म्हणाले. "माळ्यावरच्या पेटीत हे सापडले. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याच्या लढाईवर गेले ते आलेच नाहीत, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचे नाव काय, तेही आता घरात कोणास धड सांगता येत नाही."

फडक्यात रुप्याचे एक पदक होते. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ हे दोन सन. मी ते उलटसुलट करून पाहिले आणि मग कडेवर भिंग धरले. कडेवर अगदी बारीक रोमन अक्षरे कोरलेली होती: एक क्रमांक, 'शिपाई' हा हुद्दा, एक नाव आणि पलटणीचे नाव, ११० मराठा. मी ते नाव मोठ्याने वाचले. गृहस्थ काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गावच्या दगडावर हे नाव नाही हो. तिथे नुसता आकडा आहे."

त्या दिवसापासून हा 'नुसता आकडा' माझ्या मनात घर करून राहिला आहे. त्याचीच हकीकत आज सांगतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारने ज्या गावांतून बरीच माणसे पलटणीत गेली होती, त्या गावांत संगमरवरी फलक बसविले. असे फलक सातारा, रत्नागिरी, पुणे आणि आपला रायगड, म्हणजे १९८१ सालापर्यंतचा कुलाबा, या जिल्ह्यांत आजही आढळतात. त्यांवरील मजकूर ठराविक साच्याचा असतो. या गावाहून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्याचा आशय. इतिहासाच्या पुस्तकात युद्ध १९१८ साली संपते, मग दगडावर १९१९ कसे, असा प्रश्न शाळेतील मुले विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. तोफा ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबल्या, परंतु व्हर्सायचा तह व्हावयास १९१९ चा जून महिना उजाडला. इंग्रजांच्या पुष्कळ स्मारकांवर म्हणूनच तो सन घातलेला आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गाव आपणांपैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. घरोघर शिपाई असल्यामुळे लोक त्यास अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसे कामी आली. छेचाळीस हा आकडा उच्चारावयास क्षणही लागत नाही; परंतु त्या काळच्या एका खेड्यात छेचाळीस तरुण नाहीसे होणे म्हणजे काय, याचा विचार केला म्हणजे मन थबकते. किती नांगर थांबले असतील, किती कपाळे पांढरी झाली असतील, किती पोरे मामाच्या घरी वाढली असतील, याचा हिशेब त्या फलकावर मावणारा नव्हता. पण नावे मावली असती.

आता कोणी म्हणेल की, सरकारला गावोगाव नावे कोरणे परवडले नसेल. खर्चाचा मुद्दा मी नाकारीत नाही. परंतु फलकाचा हेतूही लक्षात घेतला पाहिजे. तो फलक गावाने आपल्या मृतांसाठी उभारलेला नव्हता; सरकारने गावाला दिलेली ती एक प्रकारची पोचपावती होती. अमुक गावाने इतकी माणसे दिली, सबब ते गाव राजनिष्ठ होय, आणि पुढेही देईल, असा तिचा ध्वनी होता. पावतीवर बेरीज लिहितात. तीत नावांना जागा नसते.

आपल्या भूमीत मृत योद्ध्यासाठी दगड उभा करण्याची चाल मात्र इंग्रजांनी आणलेली नाही. महाराष्ट्रात फिरताना देवळाच्या आवारात, वेशीपाशी किंवा शेताच्या बांधावर वीरगळ दिसतात. एकाच शिळेवर तीन-चार कप्पे असतात. अगदी खालच्या कप्प्यात वीर लढताना किंवा पडलेला दाखविलेला असतो. वरच्या कप्प्यात अप्सरा त्यास स्वर्गास नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे असे सहा वीरगळ आहेत आणि त्यांपैकी काहींवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. मात्र कर्नाटकातील पुष्कळ वीरगळांवर लेख असतात, तसे आपल्याकडील बहुतेकांवर नाहीत. गावाला तेव्हा लेखाची गरज वाटली नसेल; हा अमक्या घरातला, हे सर्वांना ठाऊकच होते. पुढे ते ठाऊक असणारे गेले, शेंदूर लागला आणि वीराचा देव झाला. देव झाल्याने त्याला पूजा मिळाली, परंतु नाव गेले ते गेलेच.

नाव कोरले म्हणजे काय होते, याचे उदाहरणही आपल्याच प्रांतात आहे. पुणे-नगर रस्त्यावर भीमेकाठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या व इंग्रज कंपनीच्या फौजांत लढाई झाली. कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारावयाचे ठरविले व १८२१ साली त्याचा पाया घातला. या स्तंभावर कामी आलेल्या साध्या शिपायांचीही नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' हे पद आहे. ती महार शिपायांची नावे होत. स्तंभ उभारला तो कंपनीच्या विजयाचा डांगोरा पिटण्यासाठी, यात शंका नाही. परंतु शंभर वर्षांनंतर त्याच नावांना निराळाच अर्थ आला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि ज्या समाजाला गावाच्या वेशीच्या आत मान नव्हता, त्या समाजाच्या पूर्वजांचे शौर्य दगडावर नावानिशी लिहिलेले आहे, याची जाणीव हजारो लोकांना झाली. स्तंभावर नुसता आकडा असता तर तो कोणाचा, हे कोण सांगू शकला असता? कोरणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव एकदा दगडावर आले म्हणजे ते त्याच्या वारसांचे होते.

या बाबतीत युरोपातील जर्मन लोकांची रीत पाहण्यासारखी आहे. १८१३ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने नेपोलियनविरुद्ध युद्ध पुकारले. सैन्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर सामान्य प्रजेतून उभे राहत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात राजाने फर्मान काढले की, प्रत्येक प्रार्थनामंदिरात त्या त्या वस्तीच्या खर्चाने एक फलक लावावा. 'या वस्तीतून राजा व पितृभूमी यांसाठी मरण पावले' असे शब्द वर लिहावे. आणि खाली हद्दीतील प्रत्येक मृताचे नाव घालावे. शौर्यपदक मिळविणाऱ्यांची नावे आधी येत, हे खरे. परंतु सरदाराचे नाव लिहावे आणि शेतकऱ्याचे गाळावे, असे त्यात नव्हते.

श्रोतेहो, या फर्मानातील शब्द आणि आपल्या गावच्या फलकावरील शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'या वस्तीतून मरण पावले' आणि 'या गावाहून गेले.' वाक्याचा आरंभ जवळजवळ एकच. पुढे तिकडे नावांची यादी येते आणि इकडे संख्या. तिकडचा शिपाई, राजाची का होईना, प्रजा होता. इकडचा शिपाई परक्या साम्राज्याच्या जमाखर्चातील एक रक्कम होता. सारा फरक त्या दोन ओळींत उतरला आहे.

पुढे १९१४ ते १९१८ च्या युद्धात सुमारे २० लक्ष जर्मन सैनिक मेले. बहुतेकांची प्रेते फ्रान्स, बेल्जियम, रशिया येथील मातीत राहिली. ज्या आईला मुलाची कबर पाहावयास मिळणे शक्य नव्हते, तिला निदान गावात हात ठेवावयास एक जागा पाहिजे होती. म्हणून जर्मनीत क्वचितच असे खेडे असेल की, जेथे चौकात, प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर किंवा लिंडेनच्या झाडाखाली असा दगड नाही. त्यावर नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि कधी कधी मृत्यूचे ठिकाणही असते. एकाच आडनावाची तीन-तीन नावे ओळीने आली म्हणजे पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही की, हे भाऊ होते. दर वर्षी नोव्हेंबरात, नाताळपूर्व व्रताच्या पहिल्या रविवारच्या दोन आठवडे आधी येणारा रविवार हा त्यांचा लोकशोकदिन. त्या दिवशी गावचा प्रमुख, धर्मोपदेशक, आगीच्या बंबाचे स्वयंसेवक आणि शाळेतील मुले दगडापाशी जमतात, पुष्पचक्र ठेवतात आणि काही क्षण स्तब्ध उभे राहतात.

परंतु जर्मन लोकांची हकीकत येथेच थांबविली तर ती अर्धवट आणि म्हणून खोटी होईल. त्याच दगडांचा पुढे गैरवापर झाला. १९३४ साली हिटलरच्या राजवटीने या शोकदिनाचे नाव बदलून वीरस्मरणदिन असे केले. शोक करावयाच्या जागी गर्जना सुरू झाल्या. बापांची नावे दाखवून मुलांना पुढील युद्धासाठी तयार करण्यात आले. परिणाम जगापुढे आहे. दुसऱ्या युद्धानंतर त्याच दगडांवर दुसरी आणि बहुधा अधिक लांब यादी चढली. १९५२ पासून शोकदिन पुन्हा शोकदिन झाला आणि तो वसंत ऋतूतून नोव्हेंबरच्या उदास दिवसांत नेण्यात आला. मग आणखी कठीण प्रश्न उभा राहिला: नाव कोणाचे लिहावयाचे? पहिल्या युद्धात जर्मनीसाठी सुमारे १२ हजार ज्यू सैनिक मेले होते. त्यांच्याच भाऊबंदांना पुढे त्याच देशाच्या सरकारने ठार मारले. त्यांचे काय? कित्येक गावांनी जुन्या दगडाशेजारी नवा मजकूर लावला आणि त्यात युद्ध व जुलूम या दोहोंचे बळी सामावून घेतले. १९९० नंतरच्या दशकात गुंटर डेमनिग या कलाकाराने आणखी एक रीत सुरू केली. छळ होऊन मेलेला माणूस ज्या घरात राहत असे, त्या घरापुढील पदपथात वितभरही नसलेली पितळी चकती बसवावयाची आणि तिच्यावर त्याचे नाव, जन्मसाल व शेवट कोरावयाचा. असे एक लाखाहून अधिक दगड आता युरोपभर बसले आहेत. ते वाचावयाचे तर मान खाली घालावी लागते.

आता आपल्या शेजाऱ्यांच्या आजोबांच्या भावाकडे वळू. बसऱ्याची लढाई म्हणून आपल्या घरोघरी जी सांगितली जाते, ती मेसोपोटेमियातील, म्हणजे हल्लीच्या इराकमधील मोहीम होय. तिकडे प्रथम गेली ती पुण्याची सहावी डिव्हिजन. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. बसरा घेऊन ही फौज तैग्रिस नदीने वर चढत बगदादच्या जवळ पोहोचली. तेथे तिला माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावी तिला तुर्कांनी वेढा घातला. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपले, घोडे आणि खेचरे मारून खावयाची पाळी आली, रोग पसरला. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. त्यानंतर वाळवंटातून जी पायपीट घडली आणि पुढे जी कैद भोगावी लागली, तीत हजारो माणसे मेली. कोणाचे प्रेत कोठे पडले, याची नोंद राहणे शक्यच नव्हते.

अशा ज्यांना कबर नाही, त्यांच्यासाठी १९२९ साली बसऱ्याजवळ एक भव्य स्मारक उभारले गेले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण केले आहे. १९९७ साली ते तेथून हलवून सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेण्यात आले. हे स्मारक ज्या मंडळाने बांधले, त्याची स्थापना १९१७ सालची; आज ते राष्ट्रकुल युद्धसमाधी मंडळ म्हणून ओळखले जाते. हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, हे त्याचे आद्य तत्त्व. फ्रान्समध्ये ते पाळले गेले. न्यव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. परंतु बसऱ्यास तत्त्व गळाले. तेथे इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी शिपाई' अशी नुसती संख्या घातली गेली. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा तो पूर्वज गावच्या दगडावरही आकडाच आणि तीन हजार किलोमीटर दूरच्या वाळवंटातही आकडाच. त्याचे नाव राहिले ते एका पदकाच्या कडेवर, भिंगाने वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

हा अन्याय झाला, हे या मंडळाने स्वतःच २०२१ साली चौकशी-अहवाल प्रसिद्ध करून मान्य केले. पहिल्या महायुद्धातील निदान १ लक्ष १६ हजार मृतांचे, आणि कदाचित याहून पुष्कळ अधिक जणांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही माणसे मुख्यत्वे आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील होती. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल आपल्या पार्लमेंटात क्षमा मागितली. क्षमा मागितल्याने मेलेला परत येत नाही, हे खरे. परंतु चूक कबूल झाली म्हणजे दुरुस्तीची वाट मोकळी होते.

आणि ही दुरुस्ती शक्य आहे, हे सांगण्यासाठीच मी एवढा प्रपंच केला. दगडावर नावे नसली तरी मंडळाच्या पटावर ती पुष्कळ अंशी आहेत. हिंदुस्थानच्या सुमारे ७४ हजार मृतांची नोंद त्यांच्याकडे असून हे पट आता घरबसल्या पाहता येतात. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख त्यांत असते. आणि कित्येकांच्या बाबतीत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. नावे रोमन लिपीत आणि साहेबी कानाने लिहिलेली आहेत, म्हणून ती शोधताना थोडा धीर धरावा लागतो. गणपतचे गुनपुत झालेले असते आणि रायगड शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही, कुलाबा म्हणून शोधावे लागते. आमच्या शेजाऱ्यांचे काम पदकावरील क्रमांक व पलटण यांमुळे सोपे झाले. एका रविवारी त्यांचा नातू आणि मी बसलो आणि तासाभरात तो शिपाई सापडला. बसरा स्मारक, असे त्यापुढे लिहिले होते. बापाचे नाव आणि गाव बरोबर जुळले. आजोबा शेजारीच बसले होते. ते एवढेच म्हणाले, "आता पक्षाला नाव घेऊन पान वाढता येईल."

श्रोतेहो, पितृपक्षात ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशांनाही आपण पाणी देतो. परंतु नाव घेऊन दिलेले पाणी आणि अज्ञातास दिलेले पाणी यांत घरातील माणसांच्या मनाला काय अंतर वाटते, ते मी त्या दिवशी पाहिले.

दर्यावर गेलेल्यांचाही विसर पडता कामा नये. कोकणातील किती खलाशी, तांडेल आणि सारंग दोन्ही महायुद्धांत आगबोटींबरोबर तळाशी गेले! मुंबईस मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांच्या विश्रामगृहात त्यांचे स्मारक आहे. पहिल्या युद्धात समुद्रावाचून दुसरी कबर ज्यांना मिळाली नाही, अशा २ हजारांहून अधिक जणांचे तेथे स्मरण केलेले आहे. दुसऱ्या युद्धातील ६ हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावे एका ग्रंथात लिहून ठेवली आहेत. रोज लाखो लोक त्या भागातून लोकलगाडीने जातात येतात. पण त्या विश्रामगृहाचा जिना चढून जाणारे किती असतील?

नाव राहिले म्हणजे स्मरण कोठवर जाते, याचे एक उदाहरण देऊन आवरते घेतो. पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने निघाले म्हणजे वाटेत माणगाव लागते. त्या तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तैबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर यंत्रबंदुकीचा मारा झाला आणि त्यांच्यावाचून सारे मेले किंवा घायाळ झाले. ते एकटे पुढे धावले, हातगोळा टाकून बंदूक बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना पाडले आणि मग दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी स्वतः पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची कबर ज्ञात नाही; कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत इटलीतील मोंटोने या लहानशा गावाने त्यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि 'आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत' अशा अर्थाचे ब्रीद त्यावर लिहिले आहे. ज्या गावाशी या तरुणाचे काही नाते नव्हते, त्या गावाने एेंशी वर्षांनी त्याचे नाव जपावे, हे नाव ठाऊक होते म्हणूनच घडले.

त्या यंत्रबंदुकीमागे जे जर्मन शिपाई मेले, त्यांचीही नावे कोठल्यातरी खेड्यातील दगडावर असतील आणि नोव्हेंबरातील त्या रविवारी तेथेही कोणी मान खाली घालून उभे राहत असेल. बर्लिनच्या दक्षिणेस झेरेन्सडोर्फ येथे याची दुसरी बाजू पाहावयास मिळते. पहिल्या महायुद्धात कैदी होऊन जर्मनीत मेलेल्या २०६ हिंदी सैनिकांची तेथे दफनभूमी आहे. मधल्या काळात तिची बरीच नासधूस झाली होती; ती २००५ साली पुन्हा नीट करण्यात आली. शत्रू म्हणून आलेल्या माणसाचे नाव आपल्या मातीत सांभाळून ठेवणे, यात मला त्या दगडांचा खरा उपयोग दिसतो. दगड सूड शिकविण्यासाठी उभा केला तर तो पुढच्या यादीची जागा मोकळी ठेवतो. नावे शांतपणे वाचण्यासाठी उभा केला तर तो माणसाला शहाणे करतो.

आपल्यापैकी जे जे गावी जातील, त्यांना माझी एक विनंती आहे. चावडीच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंती एकदा पाहा. फलक सापडला तर त्यावरचा चुना पाण्याने व मऊ फडक्याने हलक्या हाताने काढा. खरवडू नका, तेल किंवा रंग लावू नका. मजकूर जसाच्या तसा उतरून घ्या. मग घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा आणि विचारा, यांतले कोण कोण आपले? जुन्या पेट्या उघडा. रुप्याचे पदक असेल तर त्याची कड वाचा. चांदी म्हणून ते मोडू नका. तळहाताएवढी एखादी कांस्याची चकती देवघरात किंवा फडताळात पडली असेल. ती मृताच्या घरी धाडली जात असे आणि तिच्यावर हुद्दा न घालता केवळ नाव असे. एवढी साधने हाती आली म्हणजे पटावर शोध घेता येतो. नावे मिळाली की ग्रामपंचायतीला कळवा. जुना दगड काढावयाचा नाही. तोही इतिहास आहे आणि त्यातील उणीवही इतिहासच आहे. त्याच्या खाली दुसरा साधा दगड बसवावा आणि त्यावर आपल्या अक्षरांत, आपल्या भाषेत ती नावे लिहावीत. गेलेला मराठा असो, महार असो, मुसलमान असो वा आणखी कोणी असो, यादी एकच असावी.

आमच्या शेजाऱ्यांच्या गावी आतापर्यंत दोन नावे मिळाली आहेत. दगडावरील आकडा त्याहून मोठा आहे. पुढच्या गणपतीत त्यांचा नातू वाडीतल्या इतर घरांच्या पेट्या पाहणार आहे, आणि माझे भिंग मी त्याच्याजवळ दिले आहे.